रोझरीची कुंडी

ऑक्टोबर लागला की आळीतली मारियामातेची मूर्ती घराघरांतून फिरू लागे. रोज संध्याकाळी एका घरी रोझरीची, म्हणजे जपमाळेची प्रार्थना व्हायची. मूर्ती त्या घरी रात्रभर आणि दुसरा दिवसभर राहायची, आणि मग मेणबत्त्या घेऊन, गाणी म्हणत तिला पुढच्या घरी पोचवायचं. होळी नावाच्या बाजारपेठेकडून बागांमध्ये शिरणाऱ्या रस्त्यावरच्या त्या आळीत ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मूर्तीबरोबर एक कुंडी फिरायची, ती मात्र मटिल्डाने सुरू केली हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मटिल्डा म्हणजे ॲन्सेल्म मास्तरांची बायको. "तोडलेली फुलं सकाळपर्यंत माना टाकतात," असं ती एकदा म्हणाली होती. "आईला जिवंत सोबत पाहिजे." आणि तिने आपल्या खिडकीतली पांढऱ्या फुलांची बिगोनियाची कुंडी उचलून मूर्तीशेजारी ठेवली होती. तेव्हापासून ती कुंडी वर्षभर मास्तरांच्या घरात राहायची आणि ऑक्टोबरात आळीभर फिरायची. आणीबाणी उठली त्या वर्षी, ईस्टरआधीच्या उपवासकाळात मटिल्डा गेली. कुंडी सांभाळायची पाळी मास्तरांवर आली.

मास्तरांनी शाळेत भूगोल शिकवला होता आणि शाळेची पुस्तकं सांभाळली होती. दुसरं काम त्यांना जास्त जमलं, कारण पुस्तकं उलटून विचारत नाहीत. आळीत त्यांचा शब्द मानत, पण तो शब्द सहसा एकच असे: "असू शकतं." पाऊस लांबेल का मास्तर? असू शकतं. केळीचा भाव पडेल का? असू शकतं. मास्तर खोटं कधी बोलत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. एवढंच बोलणाऱ्या माणसाला ती सांभाळणं अवघड नव्हतं.

कुंडी द्यायची त्या दिवशी दुपारी मास्तर ओल्या फडक्याने पानं पुसत होते. मटिल्डा पुसायची तशी, खालून हात देऊन. एका कोवळ्या शेंड्याशी त्यांचा हात थांबला. शेंडा रव्यासारख्या हिरव्या कणांनी भरला होता आणि देठावरून मुंग्यांची ये-जा चालली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कण तिथेच होते, आणि त्यांतला एक हळूच हलला.

मावा. वालाच्या वेलावर, चवळीच्या शेंगांवर मावा आळीतल्या प्रत्येकाने पाहिला होता. पण तो बागेत. घरातल्या झाडावर, तेही मटिल्डाच्या, मास्तरांनी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी अंगठ्याने शेंडा पुसून काढला. अंगठा हिरवा, चिकट झाला. पानं उलटी करून बघावीत म्हणेपर्यंत दारात व्हिन्सेंट उभा राहिला. आळीतल्या रोझरीची सगळी व्यवस्था तोच बघायचा.

"मास्तर, कुंडी तयार?"

या वर्षी कुंडी नको, हे वाक्य मास्तरांच्या तोंडात तयार झालं होतं. पण त्याच्यामागून 'का' येणार, आणि त्याचं उत्तर द्यावं लागणार. मग आळी म्हणणार, मटिल्डा गेली आणि वर्षाच्या आत मास्तरांनी तिच्या कुंडीला कीड लावली. शेंडा तर पुसलाय, मास्तरांनी स्वतःला सांगितलं. गेलाही असेल. त्यांनी कुंडी उचलून व्हिन्सेंटच्या हातात दिली.

"जड आहे. सांभाळून," एवढंच ते म्हणाले.

मूर्ती ज्या घरी यायची, त्या घरची बाई सगळ्या खिडक्यांतली आणि ओट्यावरची झाडं आत आणून तिच्याभोवती मांडायची. मनीप्लांट, कोलियस, नेचे, शेवंती. एवढी दाटी व्हायची की पानाला पान लागायचं. बिगोनिया मधोमध, अगदी मूर्तीच्या पायाशी. रात्रभर आणि दिवसभर ती झाडं अशी एकमेकांना खेटून राहायची, आणि मग बिगोनिया पुढच्या घरी जायची.

मास्तर रोज संध्याकाळी प्रार्थनेला जात. मटिल्डा असताना ते मागच्या भिंतीशी उभे राहत, आता पुढे सरकून बसू लागले. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना ते खिशातला ओला रुमाल काढून बिगोनियाची पानं खालून पुसत. तिसऱ्या-चौथ्या घरी सालोमीने हे पाहिलं. सालोमी आळीतली सगळ्यांत म्हातारी नव्हती, पण आवाजाने सगळ्यांत मोठी होती.

"बघा गं, मास्तर कुंडी पुसतायत!" प्रार्थना संपताच ती म्हणाली. "जिवंत होती तेव्हा मटिल्डाचा घाम नाही कधी पुसला, आता तिच्या झाडाचा पुसतायत!"

बायका हसल्या. मास्तरांनीही हसल्यासारखं करून रुमाल खिशात घातला. दुसऱ्या दिवसापासून ते परत मागच्या भिंतीशी उभे राहू लागले.

महिना अर्धा सरला तेव्हा पहिली ओरड सालोमीच्याच घरून आली. तिची शेवंती आक्रसली होती, मनीप्लांटखालची फरशी पायाला चिकटत होती, आणि मुंग्यांनी खिडकी व्यापली होती. मग तिच्या शेजारच्या घरी. मग त्याच्या पुढच्या. बायकांनी चुलीतली राख चाळून पानांवर मारली. तंबाखू भिजत घालून त्याचं पाणी शिंपडलं.

"माझ्या म्हाताऱ्याची सगळी तंबाखू झाडांनी खाल्ली," सालोमी सांगत सुटली. "तो विचारतो, मी तुझा नवरा की ही शेवंती?"

मावा ज्या क्रमाने मूर्ती फिरली त्याच क्रमाने घरोघर निघत होता. हे एकट्या मास्तरांच्या लक्षात आलं, कारण कुठे बघायचं ते एकट्या त्यांना माहीत होतं. बाकी कुणी बिगोनियाकडे बघितलं नाही असं नाही. बघितलं, पण ते मूर्तीकडे बघावं तसं. एका घरी तर तंबाखूचं पाणी शिंपडायच्या आधी बाईने ती कुंडी मुद्दाम उचलून बाजूला ठेवली. "आईच्या कुंडीवर तंबाखू नको गं," ती म्हणाली, आणि शिंपडून झाल्यावर कुंडी पदराने पुसून परत मधे ठेवली. मास्तर मागच्या भिंतीशी उभे राहून हे बघत होते.

त्याच संध्याकाळी सगळे घरी परतत असताना सालोमीने त्यांना रस्त्यातच धरलं.

"मास्तर, तुम्ही एवढी पुस्तकं वाचलीत. सांगा, हा मावा घरात शिरला कसा? बागेत तर अजून वाल रुजला पण नाही."

"पंख असतात... काहींना," मास्तर म्हणाले.

"पंख! म्हणजे देवदूत झाले की!"

हशा पिकला. तो ओसरल्यावर व्हिन्सेंट म्हणाला, "मला विचाराल तर तो कार्मिनच्या डब्यांतून आला."

कार्मिन आळीतल्याच पास्कलच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहत होती. ती नायगावच्या खाडीकाठची, नवरा आग्नेल बोटीवर. दिवसभर ती शिवणाचं मशीन चालवायची, आणि जाईल तिथून झाडाची एखादी फांदी आणून डालड्याच्या रिकाम्या डब्यात लावायची. तिच्या खिडकीत डब्यांना डबा लागलेला होता. पावसात आळीतल्या निम्म्या बायकांनी तिच्याकडून फांद्या नेल्या होत्या.

"खरंच की!" सालोमी म्हणाली. "कोलियसची फांदी मी तिच्याकडूनच आणली. कुठकुठली झाडं आणते ती! कधी स्टेशनावरची, कधी दवाखान्यातली. तसंच असेल ना, मास्तर?"

सगळे मास्तरांकडे बघत थांबले. कुणाच्या तरी हातातली मेणबत्ती फडफडत होती.

"असू शकतं," मास्तर म्हणाले.

घरी येऊन ते बराच वेळ अंधारातच बसले. वाक्य खोटं नव्हतं. झाडावर मावा कुठूनही येऊ शकतो, कार्मिनच्या डब्यांतूनही येऊ शकतो. असं त्यांनी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. दर वेळी त्यांची नजर खिडकीतल्या त्या रिकाम्या जागेवर जाऊन थांबायची, जिथे कुंडीच्या बुडाचा ओला गोल सुकून डाग राहिला होता.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर 'असू शकतं' यातलं 'शकतं' गळून गेलं होतं. मास्तर म्हणाले, कार्मिनच्या डब्यांतून आला. मास्तर काय खोटं बोलतील?

त्या वर्षी मूर्ती कार्मिनकडे पहिल्यांदाच जाणार होती. भाडेकरूंकडे ती जात नसे. पण कार्मिनने व्हिन्सेंटला किती वेळा विचारलं होतं, आणि शेवटी व्हिन्सेंटने महिन्याची शेवटची संध्याकाळ तिला दिली होती. पास्कलच्या घरून कार्मिनकडे, आणि तिथून चर्चमध्ये. तिने खोलीला चुना काढला होता, पांढऱ्या कापडाला स्वतः झालर शिवली होती, बोटीवर आग्नेलला कळवलं होतं. आता व्हिन्सेंटने ठरवलं की पास्कलच्या घरून मूर्ती सरळ चर्चमध्ये न्यायची.

"तिच्याकडून निघाली तर मावा घेऊन चर्चमध्ये जाईल," तो म्हणाला. मास्तरही तिथे होते.

दोन दिवसांनी कार्मिन त्यांच्या दारात आली. हाताला दोरे चिकटलेले, बहुधा मशीनवरून तशीच उठून आलेली.

"मास्तर, तुम्ही म्हणालात म्हणे, माझ्या डब्यातनं मावा आला."

"मी तसं... म्हणजे असू..."

"नाही, मी भांडायला नाही आले." ती घाईघाईने म्हणाली. "मी रोज बघते हो डबे. पान अन् पान उलटं करून बघते. माझ्याकडे आत्ताच दिसला, सगळ्यांच्या मागनं. पण तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणताय तर माझ्याकडनंच आला असेल. माझ्याच नजरेतनं सुटला असेल."

मास्तरांना वाटलं, हिने भांडायला हवं होतं.

"मी काय केलं म्हणजे आई येईल, तेवढं सांगा. आग्नेलला मी कळवून बसले."

आता बोलायचं होतं. खोलीत दोघांशिवाय कुणी नव्हतं. याहून सोपी वेळ येणार नव्हती. मास्तरांनी तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं, "मी व्हिन्सेंटशी बोलतो."

कार्मिनचा चेहरा उजळला. "बोला हो, मास्तर. तुमचं ऐकतात ते." जाताना तिची नजर भिंतीवरच्या मटिल्डाच्या फोटोकडे गेली. "त्या असत्या तर माझ्याकडे स्वतः घेऊन आल्या असत्या," ती म्हणाली, आणि निघून गेली.

मास्तर लगेच निघाले. नंतर निघायचं म्हटलं असतं तर निघणं झालं नसतं, हे त्यांना माहीत होतं. व्हिन्सेंट केळीत पाणी लावत होता. विहिरीवरचं इंजिन धडधडत होतं.

"व्हिन्सेंट, ते कार्मिनचं..."

"काय?"

"कार्मिनचं. मावा..."

"मोठ्याने बोला! ऐकू येत नाही!"

जी गोष्ट हळू आवाजातसुद्धा बोलता येत नव्हती, ती ओरडून कशी बोलणार? व्हिन्सेंट कानाला हात लावून थांबला होता.

"काही नाही!" ते ओरडले. हे मात्र व्हिन्सेंटला नीट ऐकू गेलं. त्याने हात हलवला आणि तो पाटाकडे वळला.

शेवटच्या संध्याकाळी पुन्हा पास्कलच्याच घरी प्रार्थना झाली. उकडलेले चणे वाटून झाले. व्हिन्सेंटने मूर्ती उचलली. सालोमीने बिगोनिया उचलून मास्तरांच्या हातात ठेवली.

"आज शेवटचा दिवस. मटिल्डाची कुंडी आज तुम्हीच न्या, मास्तर."

गाणं सुरू झालं. मास्तर मूर्तीच्या मागे चालू लागले. कुंडी छातीशी धरलेली, पानं हनुवटीला लागत होती आणि जिथे लागत होती तिथे त्वचा चिकट होत होती. घर ओलांडून सगळे मागच्या वाटेला आले. चर्चची जवळची वाट तीच होती, आणि ती कार्मिनच्या दारावरून जात होती.

दार उघडं होतं. आत मेजावर झालरीचं कापड, दोन मेणबत्त्या. उंबऱ्यात कार्मिन डोक्यावर पदर घेऊन उभी होती. मास्तर व्हिन्सेंटशी बोलले आहेत, असंच ती समजून होती. मूर्ती जवळ आली तशी ती एका बाजूला झाली, आत यायला जागा करून. मूर्ती पुढे गेली. व्हिन्सेंटने मान खाली घातली होती. त्याच्या पाठोपाठच्या बायकांनीही घातली, आणि गाणं जरा मोठ्याने म्हटलं.

मास्तरांचे पाय थांबले. मागून येणारी सालोमी त्यांच्या पाठीवर आदळली.

"काय झालं, मास्तर? दमलात?"

"मावा ह्याच्यात होता."

"काय?"

"ह्या कुंडीत. पहिल्या दिवसापासून." आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "मी बघितला होता. बघून दिली."

गाणं पुढून मागे असं तुटत तुटत बंद पडलं. मास्तरांनी एक पान उलटं केलं. सालोमीने मेणबत्ती जवळ नेली आणि वाकून बघितलं. पानाची मागची बाजू हिरव्या कणांनी भरून गेली होती.

"अगो बाय," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज अगदी लहान होता.

व्हिन्सेंट मूर्ती घेऊन परत फिरला. "मटिल्डाच्या कुंडीत?"

"मटिल्डा होती तेव्हा नव्हता. माझ्या हातात लागला."

"मग त्या दिवशी असू शकतं का म्हणालात?" सालोमीचा आवाज परत आला होता. "माझी शेवंती गेली! आणि त्या पोरीला आम्ही... पाणवठ्यावर मी काय काय बोलले तिला! तुमच्या शब्दावर बोलले, मास्तर!"

कुणीतरी मागे हसलं आणि लगेच गप्प झालं. व्हिन्सेंटने थोडा वेळ मूर्तीकडे बघितलं, मग उघड्या दाराकडे.

"चर्चमध्ये उद्या नेऊ," तो म्हणाला, आणि उंबरा ओलांडून आत गेला.

सगळे आत शिरले. खोली लहान होती. आणि आत गेल्यावर सगळ्यांना एकदमच जाणवलं की ती रिकामी आहे. मूर्तीभोवती एक पान नव्हतं. खिडकीच्या कट्ट्यावर, नव्या पांढऱ्या चुन्यावर, डब्यांच्या बुडांचे तांबूस गोल उमटले होते. गोलाला गोल लागलेला, खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"कार्मिन, बाय, डबे कुठे गं?" सालोमीने विचारलं.

"दुपारी जाळली झाडं. खड्ड्यात घालून." कार्मिन मेजावरची झालर सारखी करत होती. "घरात मावा ठेवून आईला कशी बोलवू?"

तिने बाहेरचं सगळं ऐकलं होतं. उंबऱ्यातच तर उभी होती ती. पण मास्तरांकडे तिने अजून बघितलं नव्हतं. मास्तर दाराबाहेर कुंडी धरून उभे होते. आत यावं की जावं, त्यांना कुणी सांगत नव्हतं, आणि हात भरून आले होते.

"ठेवा ना मास्तर," शेवटी कार्मिन म्हणाली. "आईला सोबत पाहिजे."

"मावा आहे त्याच्यावर."

"आता लागायला माझ्याकडे आहे काय?"

ती चिडून बोलली नाही. मास्तर आत आले. मूर्तीच्या पायाशी त्यांनी कुंडी ठेवली आणि मागच्या भिंतीशी जायला वळले, तर खोलीला मागची भिंत अशी नव्हतीच. सगळी माणसं भिंतींना टेकून बसली होती. त्यांना मधेच, मूर्तीसमोर बसावं लागलं. प्रार्थना सुरू झाली. 'नमो मरिये' सगळ्यांबरोबर म्हणताना त्यांना समोर फक्त खिडकी दिसत होती. नंतर कार्मिनने चणे वाटले. त्यांच्या हातावरही इतरांएवढीच मूठ ठेवली.

सगळे गेल्यावर ते कुंडी उचलायला वाकले.

"राहू दे," ती म्हणाली. "आई उद्या संध्याकाळपर्यंत आहे."

"मग सकाळी येऊ का? इथेच धुतो. साबणाच्या पाण्याने."

कार्मिनने चण्यांचं भांडं उचललं. "या. पाणी पिंपात आहे. पण मला शिवण आहे. तुमचं तुम्ही करा."

सकाळी मास्तर साबणाचा तुकडा घेऊन आले. कार्मिनने दार उघडलं आणि ती मशीनवर जाऊन बसली, त्यांच्याकडे पाठ करून. मास्तरांनी कुंडी खिडकीच्या कट्ट्यावर, एका तांबूस गोलात ठेवली. बादलीत पाणी घेतलं, फेस केला. पहिलं पान तळहातावर उलटं घेतलं आणि अंगठ्याने देठापासून टोकापर्यंत पुसलं. मग दुसरं. पानं बरीच होती. मागे मशीन चाले, थांबे, पुन्हा चाले. थांबलं की मास्तरांचा हातही थांबे. ती काही बोलेल असं त्यांना दर वेळी वाटे. ती दोरा ओवत असे.

सगळी पानं झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.